रोल मोडायचा नाही

डोंबिवलीत, ठाण्यातल्या नौपाड्यात आणि कल्याणच्या जुन्या वस्तीत गेली काही वर्षं एकामागून एक इमारती पुनर्विकासाला जात आहेत. तीन-चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या सोसायट्या रिकाम्या होतात, नवी इमारत उभी राहीपर्यंत माणसं भाड्याच्या घरात जातात, आणि निघण्यापूर्वी माळा उतरवला जातो. पितळेची भांडी, पाळण्याच्या कड्या, बंद पडलेला टेबलफॅन यांच्याबरोबर तिथून एखादा पत्र्याचा डबा निघतो. त्यात निगेटिव्ह असतात. काही स्टुडिओच्या पाकिटांत, काही प्लॅस्टिकच्या कव्हरांत, काही नुसत्याच रबर लावून गुंडाळलेल्या. अल्बम घरच्यांनी आधीच नीट बांधून घेतलेले असतात. डब्याचं काय करायचं ते मात्र ठरत नाही. असे डबे माझ्याकडे येतात. निगेटिव्ह आणि स्लाइडची कॅमेऱ्याने प्रत घेऊन ती घरच्यांच्या हाती देणं हे माझं काम आहे.

त्याआधी मी कलर लॅबमध्ये प्रिंटिंगला होते. रोल आला की धुवायचा, प्रिंट काढायचे, पट्ट्या कापून पाकिटात घालायच्या. गिऱ्हाईक काउंटरवरच प्रिंट बघून घ्यायचं, निगेटिव्हचं पाकीट न उघडता पिशवीत टाकायचं. आज त्याच पट्ट्या माझ्याकडे परत येतात, आणि त्या हाताळताना एक नियम मनात पक्का झाला आहे : रोल मोडायचा नाही. चांगल्या फ्रेम निवडून बाकीच्या सोडायच्या नाहीत, पट्ट्यांची सरमिसळ करायची नाही, फ्रेमच्या बाहेरची कडा कापायची नाही. लोकांना आधी हे वेळखाऊ वाटतं. मला मात्र या कामाचा जीवच तिथे आहे असं वाटतं.

आधी कामाची रीत सांगते. माझ्या टेबलावर निकॉनचा एक जुना बेलोज आहे. लोखंडी रुळावर बसवलेला, पेटीच्या भात्यासारखा घड्यांचा काळा बोगदा. त्याच्या मागच्या तोंडाला २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, पुढच्या तोंडाला ५० मिलिमीटरची एल-निक्कोर लेन्स, आणि तिच्यापुढे त्याच रुळावर स्लाइड धरणारी चौकट. लेन्स मूळची एनलार्जरची. कल्याणमधली एक डार्करूम बंद झाली तेव्हा ती माझ्याकडे आली. जिने वर्षानुवर्षं निगेटिव्हवरून कागदावर फोटो उतरवले, तीच लेन्स आता निगेटिव्ह सेन्सरवर उतरवते. सपाट वस्तूची सपाट प्रत काढण्यासाठीच ती बनवलेली असल्याने कोपरेही मध्याइतकेच रेखीव येतात.

बेलोजचा फायदा असा की फिल्मच्या मापाप्रमाणे तो लांब-आखूड करता येतो. ३५ मिलिमीटरच्या फिल्मची फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटरची, म्हणजे माझ्या सेन्सरएवढीच. ती जशीच्या तशी टिपायची तर लेन्सपासून सेन्सर सुमारे दहा सेंटिमीटर आणि फिल्मही तेवढीच दूर ठेवावी लागते. आगफा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यातली १२० ची निगेटिव्ह त्याहून मोठी, तिला बेलोज आत ढकलायचा. ऐंशीच्या दशकात हॉट शॉट कॅमेऱ्याने घरोघरी नेलेली ११० ची फिल्म नखाएवढी, तिच्यासाठी तो पुरता ताणायचा. ताणला की प्रकाश कमी पोचतो. लेन्सवर एफ ८ असलं तरी आकारास आकार घेताना ते एफ १६ सारखं वागतं, म्हणून मी लेन्स त्याहून बारीक करत नाही, नाहीतर बारकावे पुसट होतात.

३५ मिलिमीटरच्या एका फ्रेमचे अशा रीतीने सुमारे ६००० बाय ४००० बिंदू मिळतात. इंचाला हिशेब केला तर ४२०० च्या वर. चांगल्या फिल्म स्कॅनरची ताकद साधारण एवढीच असे. ते स्कॅनर बनवणं मोठ्या कंपन्यांनी थांबवलं, आणि जे चालू आहेत त्यांना एकेका फ्रेमला काही मिनिटं लागतात. कॅमेऱ्याला क्षण पुरतो. स्कॅनर इन्फ्रारेड किरणांनी धूळ ओळखून ती पुसत असे, ती सोय मात्र कॅमेऱ्यात नाही. त्यामुळे ब्लोअर आणि मऊ ब्रश हातातून खाली ठेवता येत नाही.

फोकस चेहऱ्यावर करायचा नसतो. मूळ फोटो काढतानाच हात हललेला असेल तर चेहरा कधीच रेखीव दिसणार नाही. फोकस करायचा तो फिल्मच्या ग्रेनवर. स्क्रीनवर दहापट मोठं करून बघितलं की करड्या धुक्यातून बारीक दाणे वर येतात, आणि रुळाचा स्क्रू केसभर फिरवला की पुन्हा बुडतात. फिल्म वाकलेली असेल तर मधले दाणे दिसतात तेव्हा कडेचे दिसत नाहीत. लेन्स, सेन्सर आणि फिल्म अगदी समांतर हवेत. त्यासाठी फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवते. कॅमेऱ्यातून बघताना लेन्सचं प्रतिबिंब बरोब्बर मध्ये आलं की जुळणी झाली.

माझी खोली मध्य रेल्वेच्या रुळांजवळ आहे. मालगाडी गेली की टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरतं. इथे बेलोजचा रूळ कामी येतो : कॅमेरा, लेन्स आणि फिल्म एकाच दांड्यावर आवळलेली असल्याने हादरा बसला तरी सगळं एकदम हलतं. शिवाय दुधी ॲक्रिलिकच्या मागे फ्लॅश लावला आहे. त्याची चमक इतका थोडा वेळ टिकते की थरथर नोंदलीच जात नाही. तरी मालगाडीला मी जाऊ देते.

आता मुद्द्याकडे येते. रोल सबंध ठेवायचा याची पहिली कारणं तांत्रिकच आहेत. कलर निगेटिव्हला केशरी झाक असते. रंगद्रव्यांतला दोष भरून काढण्यासाठी ती फिल्म बनवतानाच घातलेली असते, आणि प्रत्येक फिल्मची वेगळी असते. जुनी झाली की बदलतेही. ही झाक काढल्याशिवाय उलटवलेल्या चित्रात साडीचा रंग साडीचा येत नाही. ती मोजायची कुठे? जिथे चित्र नाही तिथे : दोन फ्रेमच्या मधल्या फटीत, रोलच्या कोऱ्या टोकाला. म्हणून मी टोकाची कोरी पट्टी टाकून देत नाही, तिचीच प्रत सर्वांत आधी घेते आणि तिच्यावर ठरलेलं माप सबंध रोलला लावते. पूर्ण रोलचं एक्स्पोजरही एकच ठेवते. संध्याकाळी काढलेला फोटो मग संध्याकाळचाच दिसतो, संगणक त्याला दुपार करत नाही. कुणी एकच फ्रेम कात्रीने कापून आणली की हे सगळं अंदाजाने करावं लागतं.

फिल्मची कडा तर स्वतःच बोलते. तिच्यावर कंपनीचं नाव, फिल्मचा प्रकार आणि फ्रेमचा नंबर छापलेला असतो. पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनच्या कारखान्याने ओरवो हे नाव घेतलं १९६४ साली, तेव्हा कडेवर ओरवो दिसलं की फोटो त्याआधीचा नाही हे नक्की. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचं उत्पादन १९६७ च्या सुमारास सुरू झालं, तेव्हा त्यांच्या ‘इंदू’ नावाच्या मालाचंही तसंच. चित्रातल्या खुणा त्याला जोडून घ्यायच्या. ठाण्याच्या तलावपाळीवर कुटुंब उभं आहे आणि मागे जिथे गडकरी रंगायतन दिसायला हवं तिथे ते नाही, म्हणजे फोटो १९७८ च्या आधीचा. क्लिक थ्रीच्या रोलचे प्रिंट पुष्कळदा निगेटिव्हच्याच मापाचे काढले जात, कारण मोठे करणं परवडत नसे. त्या चिमुकल्या प्रिंटमध्ये जे कधी वाचता आलं नाही ते निगेटिव्हवरून वाचता येतं : दुकानाची पाटी, कल्याण स्टेशनाबाहेरचा टांग्यांचा तळ, भिंतीवरची सभेची जाहिरात.

पण क्रमाचं महत्त्व मला खरं पटलं ते डोंबिवलीतल्या एका घरच्या रोलमुळे. अल्बममध्ये एका काकूंच्या सासूबाईंचा फोटो होता, एका बैठ्या चाळीच्या ओट्यावर उभ्या असलेल्या. कधीचा, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. चाळ नव्वदीच्या सुरुवातीलाच पाडली, असं घरात धरून चाललेलं. मी तो रोल लावला. आधीच्या पट्टीवर फडके रोड होता, दोन्ही कडांना माणसं, मधून नऊवारी आणि फेट्यांतली मिरवणूक, वर एक उंच गुढी. गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने डोंबिवलीत गुढीपाडव्याची पहिली स्वागतयात्रा निघाली ती १९९९ साली. पुढे ती प्रथा ठाण्यात, गिरगावात आणि महाराष्ट्रभर गेली. घरातल्या थोरल्या मुलीने त्या पहिल्या यात्रेत लेझीम खेळली होती, आणि रोलवर ती लेझीम हातात घेऊन उभी होती. तिच्यानंतरच्या दोन फ्रेम सोडून आजी चाळीच्या ओट्यावर. पुढच्याच पट्टीवर त्याच मुलीचा निकालाचा पेढा.

“म्हणजे पाडव्याला चाळ होती की हो!” काकू म्हणाल्या. मग काकांना आठवलं की पाडली ती मागची चाळ, पुढची नंतर बरीच वर्षं उभी होती. त्यांनी हाक मारून शेजारच्या आजींना बोलावलं. आजींनी ओट्यामागच्या दारातल्या धूसर बाईला ओळखलं, तिच्या बिऱ्हाडाचं गाव सांगितलं. सुटा फोटो असता तर “आजी, जुन्या घरी” एवढीच नोंद झाली असती. आजूबाजूच्या फ्रेमनी त्याला साल दिलं, ऋतू दिला, शेजार दिला. मध्यमवर्गीय घरात ३६ चा एक रोल गणपतीत घातला की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरवला जाई. अशा रोलमध्ये घराचं वर्ष असतं. ते तारखेशिवाय असतं, पण क्रमाने असतं.

स्लाइडच्या बाबतीत हा क्रम मुद्दाम लावलेला असतो. सह्याद्रीत भटकणाऱ्या इथल्या मंडळींनी ऐंशी-नव्वदच्या दशकात स्लाइड शो खूप केले. शाळेचा हॉल, पांढरी चादर किंवा पडदा, प्रोजेक्टर, आणि शेजारी उभं राहून बोलणारा माणूस. हरिश्चंद्रगड, नाणेघाट, मलंगगड न चढता दिसत ते तिथे. या स्लाइड येतात त्यांच्या चौकटीवर एका कोपऱ्यात ठिपका असतो. प्रोजेक्टरमध्ये घालताना अंगठा त्यावर यावा, म्हणजे चित्र उलटं लागत नाही. ठिपक्याजवळ नंबर असतात, एक खोडून दुसरा, तो खोडून तिसरा. तीच स्लाइड एका कार्यक्रमात चौदावी होती, पुढच्यात सत्ताविसावी. मी चित्राबरोबर सबंध चौकटीचाही फोटो घेते. त्या खोडलेल्या नंबरांत एका माणसाने डोंगर लोकांना कसा कसा सांगितला, ते राहिलेलं आहे. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेल्या कोडॅक्रोमच्या स्लाइड असल्या तर चौकटीवर धुतल्याचा महिना आणि साल बऱ्याचदा छापलेलं मिळतं. १९३५ साली आलेली ही फिल्म २००९ मध्ये बंद झाली. बंद कपाटात तिचे रंग इतके टिकतात की ती लाइटबॉक्सवर ठेवली की जुन्यातलं जुनं लालसुद्धा ताजं दिसतं.

ब्लॅक अँड व्हाइटच्या जुन्या स्टुडिओ निगेटिव्ह हाताळताना आणखी एक गोष्ट जपावी लागते. एका तरुण मुलीची, बहुधा लग्नासाठी दाखवायला काढलेली निगेटिव्ह माझ्यासमोर आली. दिव्यावर धरली तेव्हा गालावर डाग वाटले. फिल्म तिरपी केली तशी पृष्ठभागावर चमक आली आणि बारीक, दाट रेघा दिसल्या. पेन्सिलच्या. निगेटिव्हमध्ये जे काळं ते फोटोत पांढरं, म्हणून स्टुडिओतला टचिंग करणारा कारागीर डोळ्यांखालच्या आणि नाकाकडेच्या सावल्यांवर अणकुचीदार पेन्सिलीने स्वल्पविरामाएवढ्या रेघा ओढत असे. मोठा भाग उजळायचा तर ब्रशने पातळ लाल रंग देत असे. अशी निगेटिव्ह स्पिरिटने पुसली तर त्याचं सगळं काम क्षणात जाईल. मी तिला फक्त हवा मारते. प्रत दोनदा घेते : एकदा मागून उजेड देऊन, चित्रासाठी, आणि एकदा वरून तिरपा उजेड टाकून, त्या रेघांसाठी. मुलीचा चेहरा तिच्या घरचा आहे, आणि त्या रेघा ज्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही अशा माणसाच्या हाताच्या आहेत. दोन्ही राहिलं पाहिजे. स्टुडिओ बंद होताना अशा निगेटिव्ह त्यातल्या चांदीसाठी वजनावर विकल्या गेल्या. जिथे जिथे त्या अजून आहेत तिथे त्या वाचवायला हव्यात.

आमच्या भागात वेळ कमी आहे, कारण हवा. सत्तरच्या दशकातली फिल्म बहुतेक सेल्युलोज ॲसिटेटची. ऊब आणि ओल मिळाली की ती विघटित होते, ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि डबा उघडताच आंबूस वास येतो. जगाने याला व्हिनेगर सिंड्रोम म्हटलं, पण कोडॅक कंपनीकडे त्याची पहिली तक्रार गेली ती पन्नासच्या दशकात भारत सरकारकडून, उष्ण-दमट कोठारात ठेवलेल्या फिल्मबद्दल. खाडीकाठच्या ठाणे-कल्याणाला हे वेगळं सांगायला नको. सुटलेलं ॲसिड डब्यात कोंडून राहिलं की विघटनाचा वेग वाढतो, म्हणून घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा ही फिल्मसाठी वाईट जागा. वासाची फिल्म मी लगेच बाकीच्यांपासून वेगळी करते आणि तिचं काम आधी घेते. ती आक्रसते, कडेला लहरते, आणि पुढे फोकसच्या पट्ट्यात मावत नाही.

बुरशीचं वेगळं. ती फिल्मवरच्या जिलेटिनवर जगते, आणि तिने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. पावसाळ्यात डागाळलेली निगेटिव्ह घरी धुण्याचा मोह अनेकांना होतो. तसं करू नये, चित्रच वाहून जातं. पाणी न लावता, शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका बोळा पुष्कळदा पुरतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि इकडे उल्हास आणि वालधुनीचं पाणी कल्याणात घराघरांत शिरलं. त्या पुरातून निघालेली पाकिटं अजूनही माझ्याकडे येतात. ओली झालेली आणि नंतर पंख्याखाली वाळवलेली फिल्म कव्हरालाच चिकटते. त्या वेळी ती ओलीच ठेवून गार पाण्यात सोडवली असती तर निघाली असती. इतक्या वर्षांनी ओढली तर चित्राचा थर कव्हरावर राहतो. अशी पट्टी मी कव्हरासकट टिपते. जे येतं ते येतं. जे येत नाही त्याचीही जागा ठेवते : रोलच्या यादीत “फ्रेम १२ ते १७, पुराने गेलेल्या” अशी ओळ असते. पुढे पाहणाऱ्याला कळायला हवं की घरात त्या काळात काही घडलंच नाही असं नाही, ते होतं आणि पाण्याने नेलं.

टिपून झालं की माझ्या मते काम निम्मं झालेलं असतं. उरलेलं निम्मं घरातल्या सर्वांत वयस्क माणसासमोर बसून करायचं. सुटे फोटो दाखवले की “ही आमची आत्या” यावर गोष्ट थांबते. रोल सलग दाखवला की बोलणं सुरू होतं, कारण आठवणही सलगच येते. कोण, कुठे, कशासाठी जमले होते, फोटो कुणी काढला. हे सगळं मी फाइलमध्येच लिहून ठेवते, वेगळ्या वहीत नाही. वही आणि फोटो यांची ताटातूट व्हायला एक घरबदल पुरतो. फाइलचं नाव रोलचा नंबर आणि फ्रेमचा नंबर असंच ठेवते, म्हणजे मोबाइलवर कुणी कुणाला एकच फोटो पाठवला तरी तो कुठून निघाला ते नावातच राहतं.

घरच्यांना दोन गोष्टी आग्रहाने सांगते. डिजिटल प्रत झाली म्हणून फिल्म टाकू नका. डिस्क एका दिवसात जाते, आणि चांगली ठेवलेली फिल्म दिव्यासमोर धरली की कुठल्याही यंत्राशिवाय दिसते. पीव्हीसीच्या कव्हरातून काढून ती आम्लविरहित कागदात किंवा पॉलिप्रोपिलिनच्या कव्हरात घाला, माळ्यावर न ठेवता घरातल्या कोरड्या, थंड कपाटात ठेवा. आणि प्रती निदान तीन करा, त्यांतली एक दुसऱ्या घरी.

तिसरी गोष्ट आपल्या गावांना सांगायची आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. छापलेला शब्द जपण्याची इथली परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. त्याच कपाटांशेजारी घरोघरच्या रोलना जागा मिळायला हवी. कुटुंबाच्या लेखी संमतीने, जे खासगी आहे ते वगळून, पण कापाकापी न करता, क्रमाने. चाळी, ओटे, तळी, टांगे, कारखान्यांच्या वसाहती आणि तिथली माणसं यांची सलग नोंद सरकारी दफ्तरात नाही. ती या पट्ट्यांवर आहे, आणि त्या ओळखणारी माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. कॅमेरा आणि बेलोज मिळवणं अवघड नाही, शिकणं त्याहून सोपं. ज्यांना या गावांबद्दल माया आहे अशा तरुण मुलामुलींनी हे काम हाती घ्यावं. मी जे जाणते ते शिकवायला तयार आहे.